तीनरंगी बोक्यापासून सुरुवात: प्राणी बघून इंटरसेक्स पात्र कसं घडवायचं

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात एक पिल्लू आलं होतं, काळं भगवं पांढरं, आणि तीन रंग म्हणजे मांजरीच असणार म्हणून सगळ्यांनी न बघताच तिचं नाव राणी ठेवलं. तीन महिन्यांनी लस द्यायला नेलं तर डॉक्टर म्हणाले हा बोका आहे, आणि असा बोका फार क्वचित बघायला मिळतो. घरी आल्यावर काहीच बदललं नाही, वाटी तीच, जिन्याखालची जागा तीच, फक्त नाव राणीच राहिलं आणि क्रियापद बदललं. राणी आला, राणी जेवला, राणी रुसला.

मला इंटरसेक्स पात्र कसं लिहावं काढावं याची पहिली समज त्या बोक्याने दिली. आता रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर आम्ही काही जण स्केचिंगला बसतो, तिथे कॉलेजची पोरं येतात, कुणाला कॉमिक करायचंय कुणाला गेम, आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, ताई मला माझा ओसी (म्हणजे स्वतः घडवलेलं पात्र) इंटरसेक्स करायचाय, रेफरन्सला प्राणी घेतलाय, बरोबर आहे का. बहुतेक वेळा वहीत एकतर तरस असतो नाहीतर मधोमध उभी रेघ मारून अर्धा पुरुष अर्धी बाई. दोन्हीत काय अडचण आहे ते नीट सांगावं म्हणून हे लिहिलंय. पायऱ्या क्रमाने वाचा, पण दुसरीवर थांबा, सगळं तिथेच ठरतं.

पहिली पायरी: शब्द आधी साफ करा

शाळेत आपण शिकलो की गांडूळ उभयलिंगी असतं. आता तोच शब्द मराठीत बायसेक्शुअल या अर्थाने सर्रास वापरतात, म्हणजे कुणाकडे आकर्षण वाटतं याबद्दल, त्यामुळे पात्राच्या माहितीत उभयलिंगी लिहिलंत तर वाचणारा भलतंच समजेल. नपुंसक हा शब्द तर वापरूच नका, त्याचा अर्थ वेगळा आहे आणि तो शिवी म्हणून इतका वापरला गेलाय की माणसाला लागतो. इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी लिहा. विकृती, दोष, अर्धवट असलं काही नको, अगदी गोष्टीतला डॉक्टर बोलत असला तरी ते त्या डॉक्टरचं मत आहे हे दिसलं पाहिजे.

अर्थ साधा आहे. क्रोमोसोम, हार्मोन, आतले बाहेरचे अवयव यांची जी नेहमीची बाईची किंवा पुरुषाची जुळणी आपण धरून चालतो ती या व्यक्तीच्या शरीरात वेगळी असते. हे शरीराबद्दल आहे. ट्रान्स असणं वेगळं, हिजडा समाजाचा भाग असणं वेगळं, आणि एखादी इंटरसेक्स व्यक्ती यातलं काही असू शकते किंवा काहीच नसू शकते. आपल्याकडे २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या व्याख्येतच इंटरसेक्स वैविध्य असलेल्या व्यक्तींना घेतलंय, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं दोन्ही एकच, पण तुम्ही पात्र लिहिताय तर तुम्हाला फरक माहीत हवा.

आणि इंटरसेक्स ही एक छत्री आहे, तिच्याखाली बरीच वेगवेगळी शरीरं येतात. म्हणून तर आकड्यांवर भांडण आहे. अॅन फाउस्टो-स्टर्लिंग या जीवशास्त्रज्ञांचा १.७ टक्के हा आकडा खूप फिरतो, तर लेनर्ड सॅक्स या डॉक्टरांनी २००२ मध्ये व्याख्या आवळून तो ०.०१८ टक्क्यांवर आणला, म्हणजे छत्री केवढी उघडायची यावर सगळं अवलंबून. तुमच्यासाठी याचा उपयोग एवढाच की 'माझं पात्र इंटरसेक्स आहे' यावर थांबू नका, नेमकं कुठलं वैविध्य ते ठरवा.

दुसरी पायरी: प्राणी कुठल्या खात्यातला ते बघा

हे मी प्रत्येकाला वहीत दोन रकाने करून लिहायला लावते. पहिल्या रकान्यात असे प्राणी ज्यांच्यात सगळी जातच तशी असते. दुसऱ्या रकान्यात असे की जात नेहमीसारखी, पण त्यातला एखादाच जीव वेगळा घडला.

पहिल्या रकान्यात गांडूळ, जळू, पावसाळ्यात सोसायटीच्या कुंपणावर चढणाऱ्या गोगलगायी, एकाच शरीरात नर-मादी दोन्ही. जिताडा पण इथेच, आपण पेण अलिबागकडून आणून कौतुकाने खातो तो, तो आधी नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा जिताडा ही बहुतेक वेळा मादीच असते. अॅक्वेरियममधला केशरी पट्ट्यांचा क्लाउनफिश तसाच, गटातली मोठी मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी बनतो. आणि हो, तरसही याच रकान्यात. आफ्रिकेतल्या ठिपक्यांच्या तरसांत मादीला बाहेरून नरासारखा दिसणारा अवयव असतो, ती त्यातूनच पिल्लाला जन्म देते, कळपात वर्चस्वही माद्यांचंच. पण हे सगळ्याच माद्यांचं असतं, ती त्या जातीची साधी नेहमीची मादी आहे. (आपल्याकडचा तरस म्हणजे सुप्याला मयुरेश्वर अभयारण्याच्या माळावर दिसतो तो पट्टेवाला, जात वेगळी, दोघांची सरमिसळ करू नका.) मोल नावाचा जमिनीखाली बिळं खणणारा प्राणी आहे, आपली चिचुंद्री नव्हे, त्याच्या काही जातींच्या माद्यांमध्ये अंडाशयाला जोडूनच वृषणासारखा भाग असतो, तो टेस्टोस्टेरॉन बनवतो, आणि २०२० मध्ये त्यामागची जनुकीय उलथापालथ संशोधकांनी शोधून काढली. तेही पहिल्याच रकान्यात.

मग दुसऱ्या रकान्यात कोण? आमचा राणी. गाईच्या जुळ्यातली कालवड. एका बाजूला नराचे आणि दुसऱ्या बाजूला मादीचे पंख असलेलं फुलपाखरू. बोट्स्वानात ओकावांगोच्या भागात आयाळ असलेल्या सिंहिणी दिसल्यात, त्या.

फरक का महत्त्वाचा, तर इंटरसेक्स असणं म्हणजे आजूबाजूच्या जगाने शरीराच्या दोनच जुळण्या गृहीत धरल्यात आणि तुमची तिसरी आहे, हा अनुभव दुसऱ्या रकान्याचा आहे. जिताड्याच्या गावात म्हातारपणी आजोबांची आजी होणं ही काही बातमी नाही, तिथे कुणी कुणाला विचारणार नाही. पहिल्या रकान्यावरून तुम्ही एक सुंदर समाज उभा करू शकता, नात्यांची नावं बदला, वारसा कसा चालतो ते बदला, जरूर करा मला स्वतःला ते वाचायला आवडेल, पण ते एक जग झालं, इंटरसेक्स पात्र नाही झालं. त्या जिताड्याच्या गावातही कुणीतरी जन्मभर एकच राहिला तर तो तिथला वेगळा ठरेल, आणि तिथून गोष्ट सुरू होते.

तिसरी पायरी: शरीर कसं घडलं ते समजून घ्या

इथे आळस करू नका. प्राण्याचा रंग आकार उचलणं सोपं आहे पण खरी सामग्री आत असते. मी चार प्रश्न विचारायला सांगते: हे कधी घडलं, दिसतं कुठे, शरीर काय करतं आणि काय करत नाही, आणि कुणाकुणाला माहीत आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा.

कालवडीचं बघा. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड, तर पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीपर्यंत पोचतात आणि तिचे आतले अवयव वेगळे घडतात. अशा जुळ्यातल्या दहापैकी नऊ किंवा जास्तच कालवडी पुढे माजावर येत नाहीत, गाभण राहत नाहीत. जॉन हंटर या सर्जनने १७७९ मध्ये याचं वर्णन केलं होतं, आणि रक्तातून येणाऱ्या हार्मोनमुळे हे होतं हे फ्रँक लिली यांनी १९१६-१७ च्या सुमाराला मांडलं. आता चार प्रश्न लावा. घडलं जन्माआधी. बाहेरून जवळपास काहीच दिसत नाही, वासरू म्हणून ती बाकीच्यांसारखीच उड्या मारते. करत नाही ते एकच, वासरू देत नाही. आणि कळतं कधी, तर बरोबरीच्या कालवडी गाभण राहायला लागतात तेव्हा, आणि कळतं ते आधी मालकाला. माझ्या मामांकडे शिरूरला अशी एक होती, दिवाळीत सगळे गोठ्यात उभे राहून तिच्याबद्दल बोलायचे आणि ती शांत चरत असायची, मला तेव्हापासून वाटतं की जिचं मोल फक्त दूध आणि वासरू यावर ठरतं तिच्या बाजूने कुणीतरी गोष्ट लिहायला हवी. माणसांतही काही मुलींना पाळी येत नाही म्हणून सोळाव्या सतराव्या वर्षी दवाखान्यात नेलं जातं आणि तिथे कळतं की क्रोमोसोम नेहमी पुरुषांत असतात तसे एक्सवाय आहेत, शरीर अँड्रोजेनला, म्हणजे पुरुषी हार्मोनला, प्रतिसादच देत नाही, आणि कितीदा तरी आईबापांना आणि डॉक्टरांना सगळं माहीत असतं आणि तिलाच सांगितलेलं नसतं. कालवडीवरून घ्यायचं ते हे, शिंगं आणि शेपूट नंतर.

आता राणी. मांजरात भगव्या रंगाचं जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं. मादीकडे दोन एक्स, आणि गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद होतो (मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांवरून हे मांडलं), मग ज्या पेशीत भगवा चालू राहिला तिथून भगवा ठिपका, दुसऱ्यातून काळा. पांढऱ्याचा हिशेब वेगळ्या जनुकाचा. बोक्याकडे एकच एक्स म्हणून तो भगवा असेल नाहीतर काळा, दोन्ही नाही. तीनरंगी बोका बहुतेक वेळा एक्सएक्सवाय असतो, एक एक्स जास्तीचा. म्हणजे त्याचं वेगळेपण दिसतं ते अवयवांत नाही तर अंगावर, सगळ्या पेठेसमोर, आणि तरी कुणाला ते वाचता येत नाही. एक्सएक्सवाय माणसंही असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर कळतं, काहींना जन्मभर नाही, आणि त्यातले सगळेच स्वतःला इंटरसेक्स म्हणवत नाहीत, तेव्हा तुमचं पात्र काय म्हणवून घेतं ते तुम्ही ठरवा आणि तसं ठेवा.

कोंबडीचंही एक सांगून ठेवते कारण ते जन्माआधीचं नाही. कोंबडीचं डावं अंडाशयच काम करतं, ते आजाराने गेलं तर उजवीकडचा भाग वृषणासारखा वाढू शकतो आणि तिचा तुरा मोठा होतो, ती आरवते. मधल्या वयात शरीर बदलणाऱ्या पात्रासाठी हे फार चांगलं बीज आहे. उलट बाजूची भीती कशी असते तेही बघा, १४७४ मध्ये आताच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एका कोंबड्याने अंडं घातलं म्हणून त्याच्यावर खटला चालवून त्याला जाळलं होतं.

चौथी पायरी: चित्र, आणि ती मधली रेघ

अर्धा-अर्धा डिझाइन आपल्याला जवळचा वाटतो कारण अर्धनारीश्वर डोळ्यासमोर असतो, घारापुरीच्या लेण्यातला बघितला असेल तर विसरणं शक्य नाही. पण तो देव आहे, ते तत्त्वाचं चित्र आहे. इंटरसेक्स माणसं अशी दिसत नाहीत.

निसर्गात खरंच अशी रेघ असते, पण कुठे ते बघा. फुलपाखरं, खेकडे, काही पक्षी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २०१९ मध्ये एक कार्डिनल पक्षी दिसला होता, एक बाजू नराची लाल, दुसरी मादीची फिकट तपकिरी. हे जमतं कारण कीटकांत आणि पक्ष्यांत पेशी आपलं लिंग बऱ्याच अंशी स्वतःच धरून ठेवते, कोंबड्यांवरच्या २०१० च्या अभ्यासात हेच दिसलं. सस्तन प्राण्यांत हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरतात, डावा हात एक आणि उजवा हात दुसरं ऐकत नाही. म्हणून नियम साधा, पात्र मांजर, गाय, कुत्रा, माणूस यावर असेल तर मधली रेघ नको. फुलपाखरावर असेल तर मोकळे व्हा, आपल्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर दिसणारं डॅनेड एगफ्लाय घ्या, नर काळा, पांढरे मोठे ठिपके आणि कडेला जांभळी झाक, मादी केशरी, प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करणारी, या दोघांचे पंख एका शरीरावर आले तर काय दिसेल आणि ते उडेल कसं ते काढून बघा. रेघ नेहमी सरळच असते असं नाही, काहींत नुसते तुकडे विखुरलेले असतात, आणि मला चित्रात ते जास्त जिवंत वाटतात.

बाकी चित्रात छोट्या गोष्टी. इंटरसेक्स झेंडा पिवळा, त्यावर जांभळं वर्तुळ, मॉर्गन कार्पेंटर या इंटरसेक्स कार्यकर्त्यांनी २०१३ मध्ये केला, वर्तुळ म्हणजे पूर्ण, काही तुटलेलं नाही. त्याचा बिल्ला बॅगेवर लावा, पण अख्खं पात्र पिवळं जांभळं रंगवू नका, माणूस हरवतो. कॅरेक्टर शीटवर (पात्राचं चित्र आणि माहिती असलेलं पान) कपड्याखालचं काढायची काहीही गरज नसते, आणि पात्र लहान वयाचं असेल तर तो विषयच नाही, चित्रात नाही आणि मजकुरातही नाही.

आणखी एक, हे मनापासून सांगते. आपल्याकडे जनावर ही शिवी आहे. तुमच्या गोष्टीत बाकी सगळी माणसं आणि एकटं इंटरसेक्स पात्र शेपटीवालं, असं केलंत तर तुम्ही नकळत तेच म्हणताय. एकतर सगळेच प्राणी करा, नाहीतर सगळीच माणसं करा आणि प्राण्यावरून फक्त शरीराची समज घ्या.

पाचवी पायरी: क्रियापद

इंग्रजी वाचून येणारी पोरं सर्वनामावर अडतात, पण मराठीत खरी परीक्षा पुढे आहे, कारण इथे 'मी'सुद्धा सांगून टाकतो. मी येतो, मी येते. पात्राने तोंड उघडलं की ठरलं. 'ते' वापरावं तर एकेरीत ते पोर ते मांजर असं लहान किंवा वस्तूसारखं वाटतं आणि अनेकवचनी केलं तर साहेबांना मान दिल्यासारखं. बऱ्याच इंटरसेक्स व्यक्ती सरळ बाई म्हणून किंवा पुरुष म्हणूनच जगतात, तेव्हा तो किंवा ती यात काहीच चूक नाही, उगाच वेगळं करायला जाऊ नका. पण पात्राला मधलं काही हवं असेल तर भाषेतच वाटा आहेत. कोल्हापूरकडच्या मुली सहज 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात आणि तिथे कुणाला काही वाटत नाही, ते पात्र तिकडचं करा. 'आपण निघू', 'मला जायचंय', 'माझं झालं' अशी वाक्यं लिंग सांगत नाहीत, पानभर संवाद तसा लिहून बघा, पात्राचा आवाज आपोआप सापडतो. वाड्यातल्या काकू 'राणी आला' म्हणायच्या ते मला आजही सगळ्यात बरोबर वाटतं, नाव जुनं, क्रियापद नवं, आणि दोन्हीत माया.

सहावी पायरी: एक दिवस लिहा

माझं पात्र सांगते म्हणजे कळेल. सोनबा, तीनरंगी बोका, मांजरांच्या एका शहरात पेठेपेठेतून रात्रीची पत्रं वाटतो. त्या शहरात तीन रंग म्हणजे बाईच ही समजूत इतकी पक्की आहे की प्रत्येक दारावर 'या ताई' होतं. तो पहिल्या पाच दारांवर दुरुस्त करतो, सहाव्यावर सोडून देतो कारण पत्रं बरीच उरलीयत. एका दारावरची म्हातारी कधी ताई म्हणत नाही, तिला तो आवडतो, पण तिने विचारलंच नाही कधी, त्यामुळे त्याला कळत नाही की तिला माहीत आहे की तिला दिसतच नाही. त्याला मंडईमागे मिळणारे सुके बोंबील आवडतात, त्याला जिने आवडत नाहीत, त्याचं भावाशी घरावरून वाजलंय.

यात शरीर किती आलं, चार ओळी. बाकी दिवस. असं पानभर लिहिल्याशिवाय शीट रंगवायला घेऊ नका. पात्र दिवसभरात काय खातं, कशाला घाबरतं, कुणावर चिडतं हे नसेल तर ते अजून विज्ञानाच्या वहीतला एक परिच्छेद आहे.

सातवी पायरी: गोष्टीत त्याचं काय करता

शेवटच्या पानावर 'आणि तो इंटरसेक्स होता' असा धक्का देऊ नका. शरीर हे रहस्य नाही, ते त्या व्यक्तीचं खाजगी आहे, रहस्य आणि खाजगी यात फरक आहे. जादूने किंवा ऑपरेशनने 'ठीक' होऊन सुखी शेवट, हेही नको. खरा ताण कुठे असतो ते बाहेर बघा. धावपटू शांती सौंदराजन यांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला रौप्य मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं, शरीर आधीही तेच होतं, धावणं तेच होतं, बदलले ते लोक. बाळाला विचारता येत नाही अशा वयात त्याच्यावर 'नॉर्मल' करायची ऑपरेशनं होतात, २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर तमिळनाडूने ती थांबवली, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. गोष्ट लिहायची तर ठरवणारे कोण, सांगणारे कोण, लपवणारे कोण, यांच्यात लिहा.

वाचन करायचं तर पुण्यात सोय आहे, समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकतेवर मराठीत बरंच लिहिलंय, इंटरसेक्स विषयावरही, भाषा साधी आहे. अप्पा बळवंत चौकात वही घ्यायला जाल तेव्हा तेही विचारा. आणि तुमचं काम छापायच्या आधी एखाद्या इंटरसेक्स व्यक्तीला वाचायला देता आलं तर द्या, पण आधी विचारा, मानधन द्या, आणि तुझं शरीर कसं आहे हे विचारू नका, पात्राबद्दल विचारा. नाही म्हणाले तर नाही.

शीट पूर्ण झाली की मी पोरांना एक करायला सांगते, इंटरसेक्स हा शब्द बोटाने झाका आणि उरलेलं वाचा, मग तो शब्द उघडा आणि उरलेलं झाका. पहिल्या वेळी पात्र ओळखू यायला हवं. दुसऱ्या वेळी येता कामा नये. सोनबाच्या शीटवर माझा तो शब्द खाली कोपऱ्यात आहे, बोंबलांच्या ओळीनंतर आणि भावाच्या आधी.